पावसाळ्यात रोजची सायकल : चेन एका रात्रीत तांबडी, ब्रेकची किंकाळी, गिअर उतरायला उशीर

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडवरून शिवाजीनगर, रोज जाऊन-येऊन साधारण २२ किमी, पाऊस असो-नसो. सायकल साधी हायब्रिड: स्टीलची फ्रेम, पुढे ३ मागे ७ गिअर, ७००×३५ टायर, व्ही-ब्रेक, प्लास्टिकची आखूड मडगार्डं.

जूनअखेरपासूनच्या तक्रारी अशा. रात्री ओली उभी केली की सकाळी चेन तांबडी, तेल घातलं की दोन दिवसांत तिच्यावर काळा चिखल. पुढचा ब्रेक दाबला की सिग्नलवरचे सगळे वळून बघतात, आणि सायकल तरीही पुढेच जाते. मागचा गिअर मोठ्या चक्रावर लगेच चढतो, पण लहान चक्रावर उतरायला दोन-तीन पेडल लावतो. शिवाय चढावर जोर दिला की खालून 'कट्ट' असा आवाज.

खाली नळ नाही, त्यामुळे पाइप लावून धुणं विसरा. बादली, चिंध्या, जुने टूथब्रश, रॉकेल, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल आणि डब्ल्यूडी-४० एवढं घरात आहे. यातलं काय चालेल, काय चेनजवळ फिरकूही देऊ नये, आणि विकत आणायलाच हवं असं काय?

कोरडं_फडकं

चेनबद्दल लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

चेन पावसात भिजल्याने तेवढी बिघडत नाही, रात्रभर ओली राहिल्याने बिघडते. त्यामुळे खरं काम घरी पोचल्यावरच्या दोन मिनिटांचं आहे. मागचं चाक जमिनीवर दोनदा हलकं आपटा, लोंबणारं पाणी पडून जाईल. जुन्या बनियनचा तुकडा हातात धरून चेनचा खालचा भाग त्यात हलकेच पकडा आणि पेडल १५-२० वेळा उलटं फिरवा. फडक्याची बाजू बदलून पुन्हा तेवढंच. एवढ्याने सकाळचा तांबडेपणा बहुतेक जातो. तो वरवरचा गंज असतो, त्याने चेन लगेच मरत नाही. चेन मरते ती तेल आणि रेतीच्या लगद्याने, कारण तो लगदा पिनांना पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. तुमचा 'काळा चिखल' तोच. मळलेल्या चेनवर नवं तेल ओतलं की वरची रेती तेलाबरोबर आत जाते. आधी पुसणं, मग तेल, हा क्रम मोडू नका.

भर पावसात आठवड्यातून एकदा नीट सफाई करा. पत्र्याच्या डब्यात ५०-६० मिली रॉकेल पुरतं. मागच्या रिमवर जाडसर फडकं गुंडाळा, रॉकेलचा एक थेंबही रिमवर किंवा ब्रेक रबरावर जाता कामा नये. टूथब्रशने चेनच्या चारही बाजू घासा, मग डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या भागाच्या) दोन छोट्या चक्रांवर साठलेली काळी वळी काठीने खरवडून काढा. ती राहिली तर धुतलेली चेन दहा मिनिटांत पुन्हा काळी. फडक्याने पुसा, पुन्हा थोडं रॉकेल, पुन्हा पुसा. शेवटी मगभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून ब्रशने एक हात मारा, साध्या पाण्याने पुसा आणि किमान तीन-चार तास वाळू द्या. रोलरच्या (दुव्यांमधल्या छोट्या फिरत्या नळकांड्यांच्या) आत रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन गळून जातं. घाई केली की सगळी मेहनत वाया जाते ती इथेच.

हे सगळं बाल्कनीत. गॅस, उदबत्ती, सिगरेट जवळ नको. पेट्रोल तर अजिबात नको, त्याची वाफ फार पटकन पेटते. रॉकेल संपलं आणि मिळेना, तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. वापरलेलं रॉकेल बाटलीत दोन दिवस स्थिर ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचं स्वच्छ पुन्हा कामाला येतं.

आता तेल. चेनला शंभराहून थोडे जास्त दुवे असतात. खालच्या बाजूच्या प्रत्येक रोलरवर आतून एक-एक थेंब, म्हणजे सगळी मिळून ५-६ मिली. चहाचा एक चमचा, त्याहून जास्त नाही. पेडल मिनिटभर फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरून कोरडं पुसून टाका. बाहेर दिसणाऱ्या तेलाचा उपयोग शून्य. ते फक्त धूळ गोळा करतं.

तुमच्या सामानाचं म्हणाल तर:

खोबरेल नको. पावसात टिकत नाही आणि पुण्यातल्या थंडीत २४ अंशांखाली गोठायला लागतं.

शिलाई मशीनचं तेल फार पातळ, पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जातं. पण केबल, ब्रेकचा लिव्हर, डिरेलरचे सांधे यांना त्यासारखं दुसरं नाही.

डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवणारं द्रव्य आहे, नावातला 'डब्ल्यूडी' त्याचाच. ओली चेन रात्री पुसल्यावर त्याचा एक हलका फवारा चालेल, पण त्याला चेनचं तेल समजू नका. आतलं चांगलं तेलही तो पातळ करतो, म्हणून फवारा मारलात तर दुसऱ्या दिवशी खरं तेल घालावंच लागेल.

विकत आणायचं ते 'वेट' प्रकारचं चेन ल्यूब. जाड असतं, पावसात तग धरतं. 'ड्राय' लिहिलेली बाटली ऑक्टोबरनंतर आणा. अडीअडचणीला गाडीचं नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं, बाहेरून नीट पुसलं तर. गॅरेजमधलं वापरलेलं काळं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा चुरा असतो. ते फाटकाच्या बिजागरीला घाला.

ब्रेकशू

ब्रेकची किंकाळी आणि ब्रेक न लागणं, दोन्हींचं मूळ बहुधा एकच. पावसात रस्त्यावरची लाल माती आणि पाणी मिळून रिमवर पेस्ट होते. रबर ती रिमवर घासतं आणि ॲल्युमिनियमचे कण रबरात रुततात. मग रबर रिमला थांबवण्याऐवजी खरवडू लागतं.

ब्रेकच्या केबलची वाकडी नळी सोडवा, ब्रेकचे हात उघडतील. ५ नंबरच्या ॲलन कीने रबर काढा आणि उजेडात धरून बघा. चमचमणारे ठिपके दिसले तर ते सुईने किंवा सेफ्टी पिनने उकरून काढा, मग सपाट जमिनीवर ठेवलेल्या ८०-१०० नंबरच्या पॉलिश पेपरवर रबर चार-पाच वेळा घासा. वरचा चकाकणारा थर गेला पाहिजे. खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर खटाटोप नको, नवी जोडी बसवा. वॉशरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जाड आणि पातळ असे दोन प्रकार असतात, त्यांची अदलाबदल झाली की ब्रेकचे हात तिरके बसतात.

रिम साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बोळा काळा निघेल. तो काळा निघायचा थांबेपर्यंत पुसा.

बसवताना रबराची पुढची कड, म्हणजे चाक ज्या दिशेने फिरतं त्या बाजूची, रिमला साधारण १ मिमी आधी टेकली पाहिजे. सोपी युक्ती: रबराच्या मागच्या टोकाला जाड रबरबँडचा एक वेढा द्या, लिव्हर दाबून धरा, नट आवळा, रबरबँड काढा. किंकाळी निम्म्याहून जास्त वेळा इथेच थांबते. रबर रिमच्या मध्यावर टेकलं पाहिजे. वर सरकलं तर टायर कापतं, खाली गेलं तर रिमखालून निसटून आऱ्यांत जाऊ शकतं. सोडलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंना १-१ मिमी मोकळं असावं. एक बाजू घासत असेल तर त्याच बाजूच्या हाताखालचा छोटा स्क्रू अर्धा फेरा आवळा, तो हात रिमपासून दूर जाईल.

एक तपासणी आजच करा. रिमच्या बाजूवर बारीक खाच किंवा ठिपके असतात, ते झिजेची खूण. खूण पुसट झाली असेल किंवा बोट फिरवल्यावर रिम बशीसारखी आत गेलेली लागत असेल, तर ती बदलायला झाली. हवेच्या दाबाने अशी रिम फाटते, तीही चालत्या सायकलवर.

आणि ओल्या रिमवर चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात. सिग्नलच्या अलीकडे बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवत या, मग दाबा. हे कुठलंही महागडं रबर तुमच्यासाठी करणार नाही.

पावआटा

गिअर चढतो पटकन पण उतरत नाही, हे वाक्य वाचूनच निदान होतं: केबल. चढवताना तुमचा अंगठा केबल ओढतो, त्यामुळे गंज असला तरी ती हलते. उतरवताना ओढणारी फक्त डिरेलरची स्प्रिंग, आणि तिला गंजलेली केबल खेचवत नाही. बरेच जण अशा वेळी बॅरलचा, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा, स्क्रू पिळत बसतात. मग उतरणं सुधारतं आणि चढणं बिघडतं, आणि तो माणूस चार दिवस दोन्हींच्या मधे झोके घेतो.

करायचं असं. मागचं चाक उचलून पेडल मारत सगळ्यांत मोठ्या चक्रावर या. पेडल थांबवा. आता पेडल न मारता लिव्हरवर क्लिक करत सात नंबरपर्यंत, म्हणजे लहान चक्रापर्यंत, उतरवा. चेन जागेवरच राहील, पण केबल सैल पडेल. फ्रेमवरच्या खाचांमधून बाहेरची नळी अलगद सुटते. नळी सरकवून उघड्या पडलेल्या केबलवरचा गंज फडक्याने पुसा, शिलाई मशीनचं तेल दोन बोटांवर घेऊन केबलला चोळा, नळीच्या दोन्ही टोकांत दोन-दोन थेंब सोडा. नळी खाचेत परत बसवा, पेडल मारा. डिरेलरजवळ गोल वळसा घेणारा शेवटचा तुकडा सगळ्यांत आधी सडतो, कारण मागच्या चाकाचं पाणी तिथेच उडतं.

केबल सरकवताना खरखर लागली किंवा एखादा धागा तुटलेला दिसला तर केबल आणि नळी दोन्ही बदला. दुकानात 'गिअरची' असं स्पष्ट सांगा. गिअरची केबल १.२ मिमी, ब्रेकची १.५-१.६. नळ्याही वेगळ्या: ब्रेकच्या नळीत तारेची गुंडाळी असते, गिअरच्या नळीत तारा उभ्या, समांतर. गिअरची नळी ब्रेकला कधीच लावू नका, जोरात दाबल्यावर ती फुटते. नळी कापल्यावर तोंड चपटं होतं, ते कानशीने सपाट करून खिळ्याने भोक मोकळं करा.

हे सगळं झाल्यावरच बॅरल. उतरायला अजून आळस करत असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. चढायला करत असेल तर उलट दिशेने पाव. एका वेळी पावच, मग सगळे गिअर एकदा फिरवून बघा.

खाडीकाठ

कोकणातून लिहितोय. इकडे पावसाच्या जोडीला खारी हवा, त्यामुळे थोडं वेगळं.

कोरडं_फडकं यांचं बहुतेक पटलं, पण दर आठवड्याला रॉकेल जरा जास्त होतं. रोज पुसत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुरे. नवी चेन तर पहिल्यांदा धुऊच नका. कारखान्यातलं ग्रीस पिनांच्या आतपर्यंत बसलेलं असतं, तसं आपल्याला थेंबा-थेंबाने पुन्हा बसवता येत नाही. फक्त बाहेरून पुसा.

ज्याचा अजून कुणी उल्लेख केला नाही ते: लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड. गंज काढायला घरात हात आधी तिकडेच जातो. सुट्या नटबोल्टांना चालेल: रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी ब्रशने घासून खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून वाळवा आणि तेलाचा हात द्या. चेनला मात्र आम्लही नको आणि तीव्र क्षारही नको. कडक केलेलं पोलाद आम्लाने ठिसूळ होतं, दुवा बाहेरून चकचकीत दिसतो आणि चढावर तुटतो. चेनच्या माहितीपत्रकांतही गंजनाशक वापरू नका असं सांगितलेलं असतं. क्रोमच्या हँडलवर ठिपके आले असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडे पडत नाहीत.

आता तुमचा 'कट्ट'. कुणी बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पेडलांमधली धुरी आणि तिची बेअरिंग) बदला म्हणण्याआधी फुकटातलं करून बघा. सीटवरून उठून उभ्याने पेडल मारा. आवाज बंद झाला तर तो सीट किंवा सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा). स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर पाण्याने दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात, दोन-तीन पावसाळे न काढलेला पोस्ट नंतर निघतच नाही. उंचीवर चिकटपट्टीची खूण करा, पोस्ट काढा, सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या. कधीकधी कपभर निघतं. दोन्ही पृष्ठभाग पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या, परत बसवा. पोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

उभ्यानेही आवाज येत असेल तर पेडल. १५ चा पातळ पाना. उजवं पेडल नेहमीसारखं उघडतं, डाव्याचे आटे उलटे: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सैल होतं. हे विसरून जोर लावणाऱ्यांनी बरेच क्रँक (पेडल बसतं ते दांडे) खराब केलेत. आटे टूथब्रशने साफ करा, ग्रीस लावा, पहिले तीन-चार फेरे हाताने बसवा, मग पाना. पानाच आधी लावला आणि आटा तिरका गेला तर क्रँक बाद. तरीही आवाज असेल तर क्रँक हाताने धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर मात्र दुकान, त्याची हत्यारं घरी नसतात.

तिसरा_मजला

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी कळल्या: उभ्याने पेडल मारलं की आवाज बंद, म्हणजे सीटपोस्ट. तो रविवारी काढतो. रबरांत चमचमणारे ठिपकेही आहेत.

दुकानदार म्हणतो चेन संपली, फ्रीव्हीलसकट (मागच्या दातेरी चक्रांच्या संचासकट) बदला. चेन खरंच संपली का हे घरी कसं ओळखायचं?

पावआटा

स्टीलची पट्टी घ्या, शिवणकामाचा टेप नको, तो ताणला जातो. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि तिथून (ती पिन न मोजता) २४ व्या पिनचा मध्य बघा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे नवी चेन बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. मोजताना पेडलवर थोडा दाब देऊन चेन ताणलेली ठेवा. ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का लांबली, नवी आणून ठेवा. ३०७ च्या आसपास आली की बदलाच. ३०८ झाली असेल तर बहुतेक फ्रीव्हीलचे दातही तिच्याबरोबर गेले.

तिसरा_मजला

तीनदा मोजलं. ३०७ आणि ३०७.५ च्या मधे.

पावआटा

मग चेन बदला, फ्रीव्हील अजून नाही. नवी चेन लावून प्रत्येक गिअरमध्ये चढावर जोर देऊन बघा. जास्त वापरातल्या चक्रांवर चेन उडी मारून सटकली तरच फ्रीव्हील. नाही सटकली तर तेवढे पैसे वाचले. मोकळ्या रस्त्यावरच बघा, चेन सटकली की पाय एकदम खाली जातो.

७ गिअरचीच चेन मागा, ६-७-८ एकाच रुंदीत येतात. साध्या बिनगिअरच्या सायकलची चेन जाड असते, ती बसणार नाही. लांबी जुनीच्या शेजारी ठेवून मापू नका, जुनी लांबलेली आहे. दुवे मोजा. आणि जोडणीचा सुटा दुवा बरोबर मागून घ्या, पुढच्या वेळी चेन काढून डब्यात धुता येईल.

मडफ्लॅप

इतकी चर्चा झाली आणि मूळ कारणाला कुणी हात लावला नाही. आखूड मडगार्डं! चेनवरचा बराचसा चिखल पुढच्या चाकाचा असतो. ते पाणी उडवतं थेट क्रँकवर आणि तुमच्या बुटांवर. पुढच्या मडगार्डाला खाली फ्लॅप लावा. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमधून साधारण १५ सेंमी रुंद, २० सेंमी लांब तुकडा कापा, खाली थोडा रुंद ठेवा, कडा पॉलिश पेपरने गोल करा. मडगार्डाला दोन भोकं, दोन छोटे नटबोल्ट, मोठे वॉशर. जमिनीपासून ६-८ सेंमी वर संपला पाहिजे. त्याहून खाली गेला तर गतिरोधकावर घासून दुमडतो. कॅनचं प्लास्टिक वाकतं, तुटत नाही, म्हणून तेच. मागच्याला फ्लॅप मागून येणाऱ्यांसाठी, पुण्याचं काम समजा.

बाकी घरातलं. हाताचं ग्रीस साबणाने निघत नाही: अर्धा चमचा खायचं तेल कोरड्या हातांवर चोळा, मग चमचाभर साखर, मग भांड्यांचं लिक्विड, आणि पाणी सगळ्यांत शेवटी. पँटच्या पायाला चेनचा डाग पडला तर त्यालाही आधी पाणी नको. कोरड्या डागावर टाल्कम पावडर दाबून पंधरा मिनिटं ठेवा, झटका, मग लिक्विड चोळून दहा मिनिटांनी धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी बांधली तर हे सगळं वाचतं.

ओले बूट: आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, तासाभराने बदला, झोपताना पुन्हा एकदा. फ्रीजमागे किंवा गॅसजवळ ठेवू नका, डिंक सुटून तळ उघडतो. कॅरिअरच्या बॅगेचं रेनकव्हर खालून भिजतंच, म्हणून लॅपटॉप आत वेगळ्या जाड पिशवीत, तोंड तीनदा दुमडून.

तिसरा_मजला

फ्लॅप कापला. मडगार्डाचं प्लास्टिक जुनं आहे, भोक पाडताना तडकेल का?

मडफ्लॅप

ड्रिल मारू नका. खिळा पकडीत धरून गॅसवर लाल करा आणि टेकवा, भोक वितळून पडतं, तडा जात नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. भोक कडेपासून किमान दीड सेंमी आत घ्या. नट नायलॉनच्या आतल्या कडीचा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर आठवडाभरात सुटून पडेल.